अप्पांना फुफ्फुसाचा कॅन्सर, चौथी स्टेज. केमोसोबत इम्युनोथेरपी घ्यायची का? सोमवारपर्यंत ठरवायचंय

इचलची_लेक (बुधवार, रात्री ११:४०)

नमस्कार, पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

माझे वडील, अप्पा, वय ६४. इचलकरंजीत आयुष्यभर मागांवर जॉबर होते, नंतर स्वतःचे चार माग टाकले, ते आता दादा बघतो. बिडी होती, सोडून बारा वर्षं झाली. दिवाळीपासून खोकला. एक्स-रेत डाग दिसला म्हणून एका डॉक्टरांनी टीबीची औषधं चालू केली, थुंकी निगेटिव्ह होती तरी, आणि त्यात आमचे दोन महिने गेले. मग दम लागायला लागला, मिरजेला नेलं, छातीतून सव्वा लिटर पाणी काढलं, त्या पाण्यात कॅन्सरच्या पेशी सापडल्या. बायोप्सीत ॲडिनोकार्सिनोमा आलंय, फुफ्फुसाच्या कॅन्सरचाच एक प्रकार. पेट स्कॅनमध्ये लिव्हरवर दोन ठिपके आणि बरगडीत एक. म्हणजे चौथी स्टेज.

डॉक्टर चांगले आहेत, नीट बोलतात. ते म्हणाले दर २१ दिवसांनी तीन औषधं, कार्बोप्लॅटिन, पेमेट्रेक्सेड (ही दोन केमो) आणि पेम्ब्रोलिझुमॅब (हे इम्युनो), अशा चार सायकल, नंतर कार्बोप्लॅटिन बंद आणि बाकीची दोन चालू, चाललं तर दोन वर्षांपर्यंत. पीडी-एल१, म्हणजे कॅन्सरच्या पेशींवरचं एक प्रथिन, त्याचा रिपोर्ट आलाय, २०%. ईजीएफआर, एएलके वगैरे जीनमध्ये बदल आहे का बघायची टेस्ट पाठवलीये, तिला अजून दहा-बारा दिवस लागतील.

खर्चाचा अंदाज एका सायकलला साडेतीन लाखांच्या आसपास सांगितलाय, त्यातले तीन नुसत्या इम्युनोचे. आमच्याकडे एफडी मोडून नऊ-साडेनऊ होतील. दादा म्हणतोय माग विकू, सोमवारी तिन्ही औषधं एकदम चालू करू, बापापुढे माग काय. वहिनी गप्प आहे, तिचीही दोन पोरं शिकतायत, तिचं गप्प राहणं मला कळतंय. आत्या रोज गुळवेलाचा काढा घेऊन येते.

आणि अप्पांना अजून सांगितलेलंच नाही. त्यांना वाटतंय छातीत पाणी झालंय, इन्फेक्शन आहे. निदान आम्हाला तरी असं वाटतंय की त्यांना असं वाटतंय.

मला कुणी फुकटचा धीर देऊ नका प्लीज. ज्यांनी हे केलंय किंवा केलं नाही त्यांनी खरं काय झालं ते सांगा. रात्र रात्र झोप नाहीये.

---

कृष्णाकाठ (गुरुवार, सकाळी ७:१५)

ताई, एकच गोष्ट आधी. जीनचा रिपोर्ट येईपर्यंत इम्युनो चालू करू नका. हे मी अनुभवाने सांगतोय.

माझी आई कराडजवळच्या गावातली, आयुष्यात बिडी-तंबाखू नाही, चूल मात्र चाळीस वर्षं. तिलाही हाच ॲडिनोकार्सिनोमा, चौथी स्टेज. आम्हीपण घाईवर आलो होतो, पण तिथल्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या थांबा, आणि आठ दिवसांनी ईजीएफआर पॉझिटिव्ह आलं, म्हणजे त्या जीनमध्ये बदल सापडला. मग सगळा रस्ताच बदलला, कारण तशा पेशंटला गोळी असते आणि इम्युनोचा फारसा उपयोग होत नाही. वर मॅडमनी हेही समजावलं की इम्युनो आधी देऊन लगेच मागून ओसिमर्टिनिब ही ईजीएफआरवरची गोळी दिली तर फुफ्फुसाला सूज यायचा धोका वाढतो. म्हणजे तीन लाख जाऊन पुढच्या चांगल्या औषधाची वाटपण अवघड करून ठेवायची.

ओसिमर्टिनिब तेव्हा आम्हाला झेपत नव्हती, म्हणून आईला गेफिटिनिब ही ईजीएफआरवरचीच दुसरी गोळी आणि सोबत केमो दिली. हे मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलनेच ३५० पेशंटवर करून बघितलंय, नुसत्या गोळीवर आजार साधारण ८ महिने आटोक्यात राहायचा, केमो जोडली तर १६ महिने. आईचे एकवीस महिने चांगले गेले, नातवाच्या बारशाला स्वतः घुगऱ्या केल्या तिने.

अप्पांची बिडी होती म्हणून ईजीएफआर येणारच नाही असं धरू नका, आपल्याकडे बिडीवाल्यांतही सापडतं. आणि दम फारच असेल, थांबवत नसेल, तर पहिली सायकल नुसत्या दोन केमोची देता येते का विचारा. रिपोर्ट आला की दुसऱ्या सायकलपासून इम्युनो जोडतात.

---

छातीचा_डॉक्टर (गुरुवार, दुपारी ३:०५)

मी याच विषयातला डॉक्टर आहे, नावगाव सांगत नाही. पेशंट बघितलेला नाही, तेव्हा हे तुमच्या डॉक्टरांशी बोलायची तयारी म्हणून वाचा, त्यांच्याऐवजी नको.

कृष्णाकाठ यांनी लिहिलंय ते बरोबर आहे, पहिली सायकल नुसती केमो हा अगदी रुळलेला मार्ग आहे. बायोप्सीचा तुकडा टेस्टला कमी पडला तर रक्तातूनही जीन बघता येतात, लिक्विड बायोप्सी म्हणतात, आणि छातीतलं पाणी जपून ठेवलं असेल तर त्यातल्या पेशींवरही होते. आणखी एक, पेमेट्रेक्सेडच्या साधारण आठवडाभर आधी फोलिक ॲसिडची रोजची गोळी आणि बी१२ चं इंजेक्शन सुरू करावं लागतं, नाहीतर पांढऱ्या पेशी फार उतरतात आणि तोंड येतं. सोमवारी करायचं म्हणता, तर ते सुरू झालंय का आजच विचारा.

आता इम्युनो म्हणजे काय. आपल्या शरीरातल्या लढणाऱ्या पेशींना एक ब्रेक असतो, पीडी-१ नावाचा, आणि कॅन्सरची पेशी तो ब्रेक दाबून धरते, म्हणून तिच्यावर हल्ला होत नाही. हे औषध तो ब्रेक सोडवतं. याच शोधासाठी २०१८ चं नोबेल ॲलिसन आणि होंजो यांना मिळालं. तुम्हाला सांगितलेल्या तीन औषधांचा मोठा अभ्यासही २०१८ मध्येच छापून आला, ६१६ पेशंटचा, ईजीएफआर-एएलकेमध्ये बदल नसलेले लोक. एका वर्षानंतर केमो अधिक इम्युनोवाल्या १०० पैकी ६९ जण हयात होते, नुसत्या केमोवाल्या १०० पैकी ४९. पाच वर्षांनंतर १९ आणि ११.

हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचा ताई. वर्षाला शंभरात वीस माणसं जास्त जगली हे लहान नाही, माझ्या विषयात असा फरक क्वचित बघायला मिळतो. पण पाच वर्षांनी शंभरातले ऐंशी गेलेच होते, औषध घेऊन. ज्याला लागू पडतं त्याला कधीकधी फार लांब नेतं, आणि कोणाला लागू पडेल हे आधी नक्की सांगता येत नाही. पीडी-एल१ ५०% च्या वर असेल तर नुसतं इम्युनोही देतात, केमोशिवाय. तुमचं २०% आहे, मधलं. तिथे दोन्ही मिळून देण्यालाच अर्थ आहे, नुसत्या इम्युनोचा विचार करू नका.

शिवाय त्या अभ्यासातले सगळे पेशंट हिंडतेफिरते होते. अप्पा स्वतः आंघोळ करतात का, जिना चढतात का, दिवसातला निम्म्याहून जास्त वेळ अंथरुणात असतात का, यावर रिपोर्टाइतकंच अवलंबून आहे. दम नुसत्या पाण्यामुळे असेल तर पाणी काढून, परत भरू नये म्हणून उपाय करून, माणूस चार दिवसांत वेगळा दिसतो.

मेंदूचा एमआरआय झालाय का? लिहिलेलं नाहीत. पेट स्कॅनमध्ये मेंदूतले बारीक डाग नीट कळत नाहीत. टीबी खरंच नव्हता हेही पक्कं करून घ्या, इम्युनोवर जुना टीबी वर आलेला बघितलाय. संधिवात, सोरायसिस असं काही असेल तर तेही सांगा.

काढा बंद करा. कोविडच्या काळात गुळवेल घेऊन लिव्हरला सूज आलेल्या पेशंटबद्दल मुंबईच्या डॉक्टरांनी लिहिलेलं आहे. इम्युनोनेही लिव्हरला सूज येऊ शकते, अप्पांच्या लिव्हरवर आधीच डाग आहेत, मग बिघडलं तर कशाने बिघडलं हे आम्हाला कळणार नाही आणि औषध उगाच थांबवावं लागेल. आत्यांना दुखवू नका, त्यांना दुसरं काम द्या. पेजेची, मऊ भाताची वेळ सांभाळायला सांगा, वजन टिकणं या आजारात खरंच महत्त्वाचं आहे.

---

निशिगंध (गुरुवार, रात्री १०:२०)

माझ्या ह्यांना तिन्ही औषधं दिली होती, नाशिकला. वय ५८, पीडी-एल१ १०%. दोन सायकलनंतरच्या स्कॅनमध्ये गाठ निम्म्यावर आली. घरात सगळे रडलो त्या दिवशी, आनंदाने.

पाचव्या डोसनंतर एकदम कोरडा खोकला आणि दम. मला वाटलं सर्दी झाली, दोन दिवस वाट बघितली, ती बघायला नको होती. ऑक्सिजन ८८ वर आला. इम्युनोमुळे फुफ्फुसालाच सूज आली होती. स्टेरॉइडची सलाईनमधून इंजेक्शनं, अकरा दिवस ॲडमिट, वाचले, पण इम्युनो कायमचं बंद झालं. थायरॉइडपण बसलं, त्याची गोळी शेवटपर्यंत होती. तरी त्यानंतर चौदा महिने आजार गप्प होता, आणि त्यातले दहा-अकरा महिने हे दुकानात बसत होते. मागच्या श्रावणात गेले.

मला पश्चात्ताप आहे का, तर नाही. पण इम्युनोचा त्रास केमोसारखा नसतो हे आम्हाला कुणी नीट बजावलं नव्हतं. केमोची मळमळ, थकवा आठवड्याभरात येऊन ओसरतो. हे महिन्यांनी येऊ शकतं, डोस बंद केल्यावरसुद्धा. घरात ऑक्सिमीटर ठेवा, नवा खोकला, दिवसात चार-पाच वेळा जुलाब, डोळे पिवळे, फार गळून जाणं, काहीही झालं तर रात्र असो की सण, फोन करा आणि "इम्युनोथेरपी चालू आहे" हे पहिलं वाक्य बोला. गावातला डॉक्टर जुलाबाची साधी गोळी देऊन पाठवतो, त्याचाही दोष नाही, त्याला माहीत नसतं.

पैशाचं. आम्ही प्लॉट विकला. जमिनीचं जाऊ दे, पण मुलगा अजून बँकेचे हप्ते फेडतोय ते बघवत नाही.

---

माणदेशी (शुक्रवार, सकाळी ९:००)

माझ्या वडिलांनी इम्युनो घेतलं नाही. हे पहिल्यांदाच कुठेतरी लिहितोय.

आम्ही तिघे भाऊ खोलीबाहेर वाद घालत होतो, कर्ज कुणाच्या नावावर काढायचं यावरून. अण्णांनी आत बोलावलं आणि म्हणाले, मला काय झालंय ते मला सोडून सगळ्या आटपाडीला माहिती आहे. मग सांगितलं. त्यांनी दोनच प्रश्न विचारले, बरं होणार का, आणि नाही झालं तर दुखणार का.

त्यांनी नुसती केमो घ्यायची ठरवली, महात्मा फुले योजनेत झाली, आणि पहिल्याच महिन्यापासून आम्ही दुखणं-दम बघणाऱ्या डॉक्टरांकडे पण जात होतो, पॅलिएटिव्ह म्हणतात. लोकांना वाटतं ते शेवटच्या आठ दिवसांचं काम. तसं नाही. २०१० मध्ये अमेरिकेत याच कॅन्सरच्या, याच स्टेजच्या लोकांवर अभ्यास झाला, ज्यांना सुरुवातीपासून ही सेवा मिळाली त्यांची शेवटची फरफट कमी झाली आणि तरी ते जास्त जगले, साधारण साडेअकरा महिने, बाकीचे नऊच्या आत. मॉर्फिनच्या गोळीला आम्ही घाबरत होतो, अण्णा ती घेऊन रात्री झोपायला लागले तेव्हा कळलं आम्ही महिनाभर उगाच त्यांना कण्हत ठेवलं होतं.

नऊ महिने मिळाले. जास्त मिळाले असते का, असते कदाचित. पण ते ठरवून गेले, हे आम्हाला पुरतं. अप्पांना सांगा ताई. चार सायकल त्यांच्या हातात सुई टोचायची आणि त्यांनाच विचारायचं नाही, हे बरोबर नाही.

---

सोलापूर_७१ (शुक्रवार, दुपारी १२:३०)

टाटामध्ये इम्युनोचा अगदी लहान डोस देतात, २० मिलिग्रॅम, खर्च एकदम कमी. ते विचारा की.

---

छातीचा_डॉक्टर (शुक्रवार, रात्री ९:१०)

सोलापूर_७१, तो अभ्यास खरा आहे आणि मोलाचा आहे, पण तो तोंडा-घशाच्या कॅन्सरचा होता, औषध निव्होलुमॅब, तेही इम्युनोच, सोबत रोजच्या गोळ्यांची हलकी केमो. वर्षानंतर हयात असणारे १६ टक्क्यांवरून ४३ वर गेले. आपल्या देशात ज्यांना पूर्ण डोस परवडतच नाही अशांसाठी तो केला गेला. फुफ्फुसाच्या कॅन्सरला तो तसाच्या तसा लावता येईल एवढा पुरावा अजून माझ्यापुढे नाही. पूर्ण डोस शक्यच नसेल तर तुमच्या डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलायचा विषय आहे, आपण होऊन डोस कमी करायचा नाही.

पैशाचं थोडं. केमो महात्मा फुले योजनेत बसवता येते, आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत आहे, इम्युनो बसेल असं धरून चालू नका, हॉस्पिटलमधल्या योजनेच्या माणसाला, आरोग्यमित्राला, लेखी विचारा. पेम्ब्रोलिझुमॅबवरची कस्टम ड्युटी २०२३ मध्ये माफ झालीये. कंपन्यांच्या पेशंट सपोर्ट योजना असतात, काही डोस विकत घेतले की पुढचे सवलतीत किंवा फुकट, अटी बदलत राहतात, म्हणून पहिला डोस घ्यायच्या आधी नोंदणी करा, नंतर नाही. धर्मादाय हॉस्पिटलांत १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात, तेही बघा. दुसरं मत हवं तर मुंबईला पेशंटला न नेताही मिळतं, रिपोर्ट अपलोड करून 'नव्या' (Navya) या ऑनलाइन सेवेतून टाटा आणि नॅशनल कॅन्सर ग्रिड, म्हणजे देशभरातल्या कॅन्सर हॉस्पिटलांचं जाळं, यांच्या तज्ज्ञांचं मत घेता येतं.

आणि माग विकायची घाई नको. तीन महिन्यांनी स्कॅन काय म्हणतो ते बघू द्या.

---

इचलची_लेक (२३ दिवसांनी, रविवार, रात्री)

उशीर झाला, माफ करा. सगळ्यांचं वाचत होते, काही उत्तरं तर पाठ झालीत.

तुमचं ऐकून सोमवार सोडला. फोलिक ॲसिड खरंच सुरू झालं नव्हतं, विचारल्यावर त्याच दिवशी सुरू केलं, बी१२ पण. आठवड्यानंतर पहिली सायकल नुसत्या दोन केमोची झाली. एमआरआय केला, मेंदू स्वच्छ आहे. परवा जीनचा रिपोर्ट आला, ईजीएफआर निगेटिव्ह, एएलके निगेटिव्ह, आरओएस१ नावाचा तिसरा जीन, तोही निगेटिव्ह. मी खूप आशा लावून बसले होते गोळीची. रिपोर्ट वाचून गाडीतच बसून राहिले.

अप्पांना सांगितलं. केमोच्या चार दिवस आधी, मी आणि दादा दोघंच. दादाला वाक्य पूर्ण करता येईना. अप्पा म्हणाले, "मागाचा आवाज बदलला की मला बसल्या जागी कळायचं कुठला धागा गेला, माझ्याच छातीचा आवाज मला कळणार न्हाई व्हय? तुम्ही कधी बोलताय त्याची वाट बघत हुतो." नंतर आईला हाक मारून चहा टाकायला सांगितला. आई दाराआडच उभी होती.

काल डॉक्टरांसमोर त्यांनीच सगळं विचारलं. डॉक्टरांनी तेच आकडे सांगितले, शंभरात ६९ आणि ४९. अप्पांनी ते कागदावर लिहून घेतले. मग म्हणाले, माग विकायचा नाही, एकही नाही, या घरात अजून दोन पोरं आहेत. एफडीत जेवढे आहेत तेवढ्यात घालूया, पुढचे तीन डोस, मग स्कॅन. उतरलं असेल तर पुढचं बघू, नसेल उतरलं तर हे महागाचं बंद, दुखू देऊ नका म्हणजे झालं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की अभ्यासात दोन वर्षांपर्यंत दिलंय आणि पैशासाठी मध्येच थांबवलं तर परिणाम टिकेलच अशी खात्री देता येणार नाही. अप्पा हो म्हणाले. सपोर्ट योजनेचा फॉर्म पहिल्या डोसच्या आधीच भरलाय, केमोचं योजनेत झालं. दुखणं-दमवाल्या डॉक्टरांची वेळ बुधवारची मिळालीये, माणदेशी दादा, ते तुमच्यामुळे.

वहिनी त्या रात्री माझ्या गळ्यात पडून रडली. काय बोलणार होते मी तिला.

काढा बंद आहे. आत्या रोज सकाळी नाचणीची आंबील घेऊन येते, अप्पा पूर्ण वाटी संपवतात, वजन आठशे ग्रॅम वाढलंय.

गुरुवारी इम्युनोचा पहिला डोस आहे. निशिगंध ताई, ऑक्सिमीटर आणलाय, एक विचारायचं होतं, तुमच्या ह्यांचा ऑक्सिजन तुम्ही बसूनच बघायचात की चार पावलं चालवून? अप्पांचा बसून ९६ येतो, जिन्यावरून आले की ९२ दिसतो, तो पहिल्यापासूनच तसा आहे की आता उतरलाय ते मला कळत नाहीये.

---

निशिगंध (रविवार, रात्री ११:५५)

दोन्ही बघायचा. आधी बसून, मग सहा मिनिटं घरातल्या घरात चालवून. गुरुवारच्या आधी तीन दिवस रोज सकाळ-संध्याकाळ वहीत लिहून ठेव, म्हणजे अप्पांचा नेहमीचा आकडा किती ते तुमच्याकडे राहील, आणि हा जिन्यावरचा ९२ उद्याच डॉक्टरांना फोन करून सांग, कदाचित पाणी थोडं परत भरलं असेल, डोसच्या आधी एक्स-रे काढतील. मी जागी असते बाराएकपर्यंत, काही लागलं तर मेसेज टाक.